झोपलेल्या माणसाचं माप

कुवेतबद्दल कोणी विचारलं की मी पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराची गोष्ट सांगतो. भर दुपारी दिवे लावावे लागायचे, दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन काळा होऊन उतरायचा, हे ऐकायला लोकांना आवडतं. ती गोष्ट खरी आहे. पण मी ती इतकी वर्षं सांगत आलो ते दुसरी सांगावी लागू नये म्हणून. त्या दुसऱ्या गोष्टीत एक जखमी सैनिक आहे, जयगडच्या खाडीकाठचा, इस्पितळाच्या वॉर्डातला एक मदतनीस आहे, आणि मी आहे. कधी विषय निघालाच तर मी ती अर्धीमुर्धी सांगितली, आणि चूक त्या मदतनिसाची होती असं ऐकणाऱ्याला वाटावं अशी सांगितली. चूक माझी होती. नोकरी त्याची गेली. आता पंचाहत्तरी जवळ आली. हातात पटाशी धरवत नाही, पेन कसंबसं धरवतं. म्हणून लिहायला बसलो.

मी सुतार, लांज्याकडचा. युद्धाआधी सहा वर्षं कुवेतला होतो. इराकी आले तेव्हा सगळं सोडून बसने जॉर्डनला आणि तिथून विमानाने मुंबईला आलो. गावात जेमतेम वर्षभर काढलं आणि एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात कफिलाचा, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या अरब मालकाचा, निरोप आला: दारं बसवायची आहेत, ये. सगळ्या कुवेतलाच तेव्हा दारं बसवायची होती.

मला पाठवलं ते शहरात नाही. जहरा गावाच्या पुढे, वाळवंटाच्या कडेला, एका श्रीमंत घराण्याचं बागेतलं घर होतं. हिवाळ्यात चार दिवस येऊन राहायचं घर, पण आमच्या गावची शाळा त्यात दोनदा मावली असती. सात महिने त्यात इराकी शिपाई राहिले होते आणि थंडीत त्यांनी दारं जाळली होती. चौकटी तेवढ्या उभ्या होत्या. शहरातल्या इस्पितळांत जागा पुरेना, तेव्हा मालकाने हे घर जखमी सैनिकांना बरं होईपर्यंत राहायला दिलं. युद्ध संपलं होतं, पण जमिनीत पुरलेले सुरुंग तसेच होते. ते काढायला गेलेली तरणी पोरं रोज कुठे ना कुठे जायबंदी होत होती.

मी आधी कधी इस्पितळात काम केलं नव्हतं आणि सैनिक तर जवळून पाहिलाही नव्हता. मला वाटलं होतं की कण्हणं ऐकू येईल. पहिल्या दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन आत गेलो तर दिवाणियात, म्हणजे पुरुष मंडळींच्या बैठकीच्या मोठ्या दालनात, चौदा खाटा आणि वर काचेचं भलंमोठं झुंबर. खाटांवर माणसं पत्ते खेळत होती. एकाचा हात कोपरापासून नव्हता. तो दातांत पत्ते धरून उतारी करत होता आणि शेजारचा ओरडत होता की हा पत्ते चावून खुणा करतो. मी चौकट मोजायची सोडून बघत राहिलो.

तेव्हापासून मला त्या घराचा नाद लागला. काम आटपलं तरी मी काहीतरी निमित्त काढून दिवाणियात जायचो. ही माणसं दिवसभर करतात काय, बोलतात काय, याचं मला कुतूहल होतं. वारा फिरला की धूर यायचा. तेव्हा ती पैज लावायची की हा धूर उत्तरेच्या विहिरींचा की दक्षिणेच्या. वासावरून ओळखतो म्हणायची. बाहेरचा पोहण्याचा तलाव कोरडा पडला होता. तिन्हीसांजेला त्याच्या तळाशी खुर्च्या टाकून ती चहा प्यायची, कारण तिथे वाळू उडून येत नसे. व्हीलचेअर तलावात उतरावी म्हणून मीच लाकडी उतार करून दिला. तलावात उतरायचा रस्ता बांधणारा सुतार जगात मी एकटाच असेन.

भाई मला तिथेच भेटला. वॉर्डातला मदतनीस. रुग्णांना उठवणं, बसवणं, भांडी, अंथरुणं सगळं त्याच्याकडे. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, जयगडच्या खाडीकाठच्या गावचा. पहिल्या दिवशी मी हिंदीत विचारलं, पाणी कुठे आहे. तो म्हणाला, "कुठल्या तालुक्याचा रे तू? हिंदी बोलतोस ती लांज्याच्या एस. टी. कंडक्टरसारखी." त्या दिवसापासून आमची चूल एक झाली. घराच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या. तो माशांचं बघायचा, मी भाताचं आणि डाळीचं. त्याला सगळे भाईच म्हणायचे, मीही. मला तो सुतारा म्हणायचा.

भाईचं एक स्वप्न होतं आणि ते पुढे महत्त्वाचं आहे. त्याला ड्रेसर व्हायचं होतं, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या, कडक, पण त्यांनी भाईचा हात पाहिला होता. भाईने पट्टी सोडवली की पोरं ओरडत नसत. सिस्टरनी त्याला शब्द दिला होता की हिवाळ्यात माणसं घ्यायची वेळ आली की तुझं नाव ड्रेसर म्हणून पाठवते. भाई फावल्या वेळात माझ्या तंगडीला पट्ट्या बांधून सराव करायचा. "हल नको. तू पेशंट आहेस." "भाई, डाळ करपतेय." "पेशंटला डाळीचं काय पडलंय?"

खिडकीजवळच्या खाटेवर एक पंचविशीतला सैनिक होता. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. हिंदी सिनेमे पाहून पाहून त्याला बऱ्यापैकी हिंदी यायचं, म्हणून आमचं जमलं. मला जसं त्या सगळ्यांचं कुतूहल तसं त्याला माझ्या पेटीचं. "ये क्या?" रंधा. "ये?" गुण्या, काटकोन बघायला. "काटकोन डोळ्याने दिसत नाही?" मी म्हटलं, मला दिसतो, पण माझ्या डोळ्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास नसतो. तो खूप हसला. मग मी त्याच्या मांडीवर फळी ठेवून त्याला रंधा मारायला शिकवलं. लाकडाची साल पातळ कागदासारखी निघाली की तो ती झुंबराच्या उजेडात धरून बघायचा. चादरभर भुसा. मोठ्या सिस्टर आल्या की कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "ये हॉस्पिटल है कि सॉ-मिल?"

एकदा तो मला म्हणाला की पायाचा तळवा खाजतोय. मी उजव्या पायाकडे हात नेला. "तो नाही. नसलेला." मला वाटलं थट्टा करतोय. भाईला विचारलं तर तो म्हणाला, "सगळ्यांचंच होतं तसं. पाय जातो, खाज मागे राहते." मी त्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. अजून करतो.

कुबड्या तेव्हा मिळत नव्हत्या. इस्पितळांतलं सामान लुटून नेलेलं होतं आणि नवं बोटीवर होतं. त्या घरात जेवणाचं एक मोठं टेबल मोडून पडलं होतं. मी रंधा मारून पाहिलं तर अस्सल साग. त्याच्या कडेच्या लांब पट्ट्यांच्या मी कुबड्या केल्या. सहासात जोड्या झाल्या, सगळ्या बिनचूक. दोन पोरांनी आधार देऊन रुग्णाला उभं करायचं, काखेपासून टाचेपर्यंत टेप लावायची, वर थोडी भर घालायची. सिस्टरनी त्यासाठी इंग्रजीत एक कागद केला होता. रुग्ण कोण, लांबी किती, माप उभ्याने की झोपून, माप कोणी घेतलं, खाली सही. मला इंग्रजी येत नाही. भाई भरायचा, मी अंगठ्याएवढी सही करायचो.

खिडकीजवळच्या सैनिकाची आई येणार होती. शुक्रवारी. जखमी झाल्यापासून तिने त्याला पाहिलं नव्हतं. पायाला लागलंय एवढंच तिला कळवलेलं. पाय नाही हे सांगितलेलं नव्हतं. त्याने सिस्टरना एकच गोष्ट मागितली: ती आत येईल तेव्हा मी उभा असलो पाहिजे. पाय नसलेला मुलगा आधी खाटेवर दिसायला नको. डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी त्याला पहिल्यांदा उभं करायची परवानगी दिली, त्याआधी नाही. तेव्हा सिस्टर मंगळवारी मला म्हणाल्या, "कुबड्या गुरुवारपर्यंत तयार पाहिजेत. माप झोपूनच घ्या."

इथे मला माझ्या गावची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तिरडीचे बांबू सुतार कापून देतो आणि त्याचं माप झोपलेल्या माणसावरून घेतो. म्हणून सुताराने जिवंत माणसाचं माप झोपलेलं असताना घ्यायचं नाही. खाट करायची असली तरी माणसाला भिंतीशी उभं करून मापायचं. मी तेरा वर्षांचा असताना वडिलांनी मला पहिली टेप दिली. त्या आनंदात मी दिसेल ते मापत सुटलो आणि पडवीत झोपलेल्या काकांनाही डोक्यापासून पायापर्यंत मापलं. वडिलांनी सगळ्यांसमोर कानफटात मारली. काका जागे होऊन हसले. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काका साप चावून गेले. मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण काकी नंतर कधी माझ्या हातचं पाणी प्यायली नाही.

अडतिसाव्या वर्षी, परदेशात, डॉक्टर आणि औषधांच्या मध्ये उभं राहून मी हे मानत होतो का? मला ठाऊक नाही. टेप उघडून मी त्याच्या खाटेपाशी गेलो, तो डोळे मिटून पडला होता, आणि हात पुढे जाईना एवढं खरं. तो म्हणाला, "क्या हुआ, उस्ताद?" मी म्हटलं, टेप बिघडली.

सिस्टरना सांगायची लाज वाटली. भाईला सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "आमच्यात कबर खणणारा काठीने मापतो," तो म्हणाला. "जित्या माणसाला तशी काठी लावली असती तर माझ्या आईने झाडूने बडवलं असतं मला." मग म्हणाला, "तरी पण सुतारा, हे इस्पितळ आहे. मी घेतो माप. टेप दे."

आणि मी टेप दिली नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भाईच्या हातून झालं तरी माप माझ्याच कामासाठी, दोष माझ्याच हाताला, असं काहीतरी डोक्यात आलं. त्यापेक्षा मला एक युक्ती सुचली आणि सुचली याचा अभिमानही वाटला. अरब लोक घालतात ती दिशदाशा म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा सरळ झगा. काखेची शिवण ते खालची किनार मापली, घोट्याखालचं चार बोटं धरलं, की झालं माप. माणसाला हात लावायला नको. मी भाईला म्हटलं, त्याची दिशदाशा आण. भाईने कपाटातून इस्त्री केलेली एक आणली. आमच्या खोलीत चटईवर पसरून मी ती मापली. चटईवर, झोपलेल्या माणसासारखी. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

कागद भरायची वेळ आली. भाईने विचारलं, "माप कोणी घेतलं, काय लिहू? दिशदाशेवरून घेतलं लिहिलं तर सिस्टर कागद तोंडावर फेकतील. आणि तुला पुन्हा खाटेपाशी पाठवतील." मी टेप गुंडाळत राहिलो. "बरं," भाई म्हणाला आणि त्याने 'झोपून' यावर खूण केली आणि स्वतःचं नाव लिहून सही केली. "तुझ्या काकांसाठी," म्हणाला, "जा आता, कुबड्या कर."

केल्या. जपून केल्या. आमच्या धंद्यात म्हण आहे, लांब झालं तर कापता येतं, आखूड झालं तर वाढवता येत नाही. म्हणून मापाच्या वर आणखी दीड इंच ठेवला. शुक्रवारी सकाळी उभा राहिला की तिथल्या तिथे कापीन असा हिशेब होता. काखेच्या दांड्याला स्पंज आणि कापड गुंडाळलं, खाली रबरी बुचं बसवली. गुरुवारी दुपारी त्या घेऊन त्याला दाखवायला गेलो. नियम असा की नवी वस्तू आधी सिस्टरच्या खोलीत जायची. पण मला त्याचा चेहरा बघायचा होता. त्याने सागावरून हात फिरवला आणि एका बाजूला नाक लावून वास घेतला. म्हणाला, "इधर रखो. मैं देखता रहेगा." मी त्या खाटेच्या डोक्याशी भिंतीला टेकवून ठेवल्या आणि बाहेर उतार दुरुस्त करायला गेलो.

आई गुरुवारीच आली. कोणाची तरी गाडी जहराकडे येत होती, ती बसून आली. मी बाहेर होतो, मला काळ्या पायघोळ अबायातली एक बाई घाईघाईने आत जाताना दिसली. वाटेत ती मुलाचं नाव घेऊन हाक मारत होती. आत खाटेवर त्याला ती हाक ऐकू गेली असणार. पुढचं मला नुसतं ऐकू आलं. कुबडी संगमरवरावर घसरते त्याचा आवाज, मग दुसरी, मग माणूस.

मी धावलो तेव्हा भाई जमिनीवर बसला होता आणि त्या सैनिकाचं डोकं भाईच्या हातावर होतं. भाई दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून धावला होता, तरी डोकं आपटायच्या आत पोचला. पाय वाचवता आला नाही. बरी होत आलेली जखम पुन्हा उघडली होती. आई दारात उभी होती. ते दार मीच बसवलं होतं, महिन्यापूर्वी.

दोन दिवसांनी शहरात त्याचं पुन्हा ऑपरेशन झालं. या वेळी गुडघा गेला.

सिस्टरनी कुबड्या मापल्या. साडेचार इंच जास्त. माझा राखलेला दीड वजा केला तरी तीन उरले. एवढ्या लांब कुबड्या खांदे वर ढकलतात आणि खाली बाजूला पसरतात. त्यांनी मला आणि भाईला खोलीत बोलावलं. टेबलावर तो कागद होता. त्यांनी आधी मला विचारलं, "उसका मेजरमेंट आपने लिया था?"

मी म्हटलं, "नहीं, सिस्टर."

ते खरं होतं. मी त्याचं माप घेतलं नव्हतं. त्या खोलीत मी तेवढंच बोललो.

त्यांनी भाईकडे पाहिलं. भाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघत. मला वाटतं तो दहापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ थांबला. मी टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होतो. तिथली फळी उकलली होती आणि तिला सरस लावायला हवा असा विचार मी करत होतो. खरंच करत होतो. मग भाई म्हणाला, "सही मेरा है, सिस्टर."

कुबड्या खाटेपाशी कोणी ठेवल्या हे कोणी विचारलंच नाही. वॉर्डातल्या वस्तू वॉर्डवाल्याच्या जबाबदारीच्या, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. आठवड्यात भाईला काढल्याचे कागद झाले. ड्रेसरचं तर राहोच, व्हिसाही रद्द. जायच्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या खोलीत चौकट ठोकत होतो. तो तिथे आला. एका हातात बॅग. मला वाटलं, आता बोलेल, आता शिवी देईल. मला हवी होती शिवी. तो म्हणाला, "डाळ चुलीवर ठेवलीय. लक्ष ठेव." आणि पिकअपमध्ये जाऊन बसला.

पिकअपचं दार बंद झालं तशी मी दोनदा हातोडी उचलली आणि खाली ठेवली.

पुढे मी तिथून शहराकडे, सालमियात एका फर्निचरच्या दुकानात लागलो. वर्षं गेली. सुट्टीत गावी जायचो तेव्हा जयगड काही चंद्रावर नव्हतं, पण मी गेलो नाही. कोकणातली माणसं जमली आणि कोणी विचारलं की तो भाई का गेला, तर मी म्हणायचो, काहीतरी मापाचा घोळ झाला त्याच्याकडून. 'त्याच्याकडून' हा शब्द माझ्या तोंडातून सहज जाऊ लागला.

दोन हजार चारमध्ये मला रुमैथियात एका घरी कपाट बसवायला पाठवलं. दार उघडलं ते एका भरलेल्या अंगाच्या, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने. चालताना डावा पाय किंचित फेकत होता. मी ओळखलं नाही. त्याने माझ्या पेटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुण्या आहे का अजून?"

त्याने मला काम करू दिलं नाही. चहा मागवला. पाय कापडावरून ठोकून दाखवला, "जर्मनीचा." आत कुठेतरी जाऊन सागाचा एक तुकडा घेऊन आला, त्याने स्वतः रंधा मारलेला. तेव्हाच मला राहवलं नाही. बारा-तेरा वर्षांत जे कोणाला बोललो नव्हतो ते मी त्याला मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. काका, टेप, दिशदाशा, कागद.

त्याने हातातला सागाचा तुकडा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "कुठली दिशदाशा?"

"कपाटातली. इस्त्री केलेली."

"ती माझी नव्हती," तो म्हणाला. "आमचं घर लुटलं होतं. आईने माझ्या थोरल्या भावाची पाठवली होती. तो माझ्याहून उंच. त्याला इराक्यांनी नेलं होतं. मी ती घालत नव्हतो. तो परत आला की द्यायची म्हणून ठेवली होती." चहाचा पेला त्याने बशीवर फिरवला. "गेल्या वर्षी त्याची हाडं आली."

जिवंत माणसाचं माप टाळायला म्हणून मी जे केलं त्यात मी कोणाचं माप घेतलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी माफी मागितली. त्याने हात वर करून थांबवलं. मला वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ दे, नशीब. तो तसं म्हणाला नाही. "गुडघा असता तर जिना सोपा गेला असता," तो म्हणाला. "आई दिसली म्हणून मी उठलो, ते माझं. माप चुकलं, ते तुझं. पण त्या माणसाचं यात काय होतं? त्याने माझं डोकं धरलं होतं. मला इतकी वर्षं सांगितलं की मी झोपेत असताना त्याने चुकीचं मापलं. मी त्याला मनात शिव्या दिल्या आहेत, उस्ताद." आणि मग, "त्याला हे सांगितलंस?"

मी कपाट बसवलं. दोनदा मापून.

त्याच वर्षी सुट्टीत मी जयगडला गेलो. खाडीकाठी विचारत विचारत घर सापडलं. भाई ओसरीतल्या खाटेवर पडून होता. मागच्या पावसात घसरून खुबा मोडला होता. मला पाहून तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आतून सून धावत आली. "अगो, हा बघ कोण! कुवेतचा सुतार! ह्याच्या डाळीत मीठ नसायचं!" मग तिला सांगत सुटला, आम्ही कसे तलावाच्या तळाशी चहा प्यायचो, तो हात नसलेला पत्ते कसा खेळायचा. सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

मी वाक्य पाठ करून आलो होतो. एस. टी.त बसून म्हटलं होतं, होडीत म्हटलं होतं. तो बोलायचा थांबला की म्हणणार होतो. तो थांबला आणि म्हणाला, "सुतारा, आलासच तर एक काम कर. मला कुबड्या करून दे. ह्या बाजारच्या टोचतात. घे माप." आणि मला टेप काढताना बघून खाटेवर सरळ झाला, हात अंगापासून दूर घेतले आणि डोळे मिटले. "उठवत नाही मला. असंच घे. मी काय तुझा काका नव्हे."

मी घेतलं. काखेपासून टाचेपर्यंत. आयुष्यात झोपलेल्या माणसाचं घेतलेलं ते दुसरं माप. खात्रीसाठी पुन्हा घेतलं. त्याने एक डोळा उघडून विचारलं, "झालं?" त्या क्षणी वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. मी एक घोट घेऊन म्हटलं, "साखर बरोबर आहे."

कुबड्या मी गावी केल्या, सागाच्याच. स्वतः नेऊन द्यायच्या होत्या, पण सुट्टी संपली, म्हणून पुतण्याच्या हाती पाठवल्या. भाईच्या मुलाचा दुकानात फोन आला की अगदी बरोबर बसल्या, बाबा रोज मशिदीपर्यंत जातात. दोन वर्षं गेला तो त्यांच्यावर. झोपलेल्या माणसाचं माप घेतलं आणि त्याला काही झालं नाही. हे मला तेव्हा, त्या मंगळवारी, कळायला हवं होतं. मग साध्या तापाने गेला. पुढच्या सुट्टीत सांगेन असं मी दोन्ही वर्षं ठरवलं होतं आणि दोन्ही वेळा लांज्याच्या एस. टी. स्टँडवरून परत फिरलो होतो.

तो कागद आता कुठे असेल कोणास ठाऊक. असला तर त्यावर माप कोणी घेतलं त्या जागी त्याचं नाव आहे. ते खोडून माझं लिहावं. आणि एस. टी.त पाठ केलेलं वाक्य असं होतं: भाई, सिस्टरनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, ते मी पाहिलं होतं. मी बोलायला हवं होतं. मला माफ कर.